जागृत कठडा

फाटक उघडलं आणि सासूबाईंच्या दारातला चपलांचा ढीग बघून मी जागीच थबकलो. इतक्या चपला घराबाहेर दोनच कारणांनी साठतात, आणि त्या घरात लग्नाचं कुणी उरलं नव्हतं. हातातली बाकरवडीची पिशवी मी नकळत पाठीमागे धरली. आतून उदबत्तीचा वास येत होता. बायका दबक्या आवाजात बोलत होत्या. पुण्याहून कराडला गाडी काढण्याआधी फोन करायला हवा होता, असं मनात आलं. मग आलं, फोन उचलला कुणी असता?

उंबऱ्यातून आत डोकावताना माझी नजर आपोआप जमिनीकडे गेली. जमिनीवर कुणी नव्हतं. सासूबाई वेताच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, जिवंत होत्या, आणि त्यांच्या मांडीवर नारळ होते. कपाळभर कुंकू. समोर ओट्या घेऊन बायकांची रांग. चेहरा असा, की कॉपी करताना सापडलेल्या मुलीच्या बापाशी बोलायला बसल्या आहेत.

"मुकुंदराव, आत या," त्या म्हणाल्या. "आणि यांना सांगा, मी निवृत्त मुख्याध्यापिका आहे."

बायकांनी वाट करून दिली. देवीचे जावई आले म्हणून एकीने मलाही वाकून नमस्कार केला. मी तिला बाकरवडी दिली. दुसरं काही सुचलं नाही.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली, पण त्या खोलीत उभं राहून मला बसलेला धक्का अजून ताजा आहे. कारण मृणालिनी शेवडे, म्हणजे माझ्या सासूबाई, ज्यांना सगळं गाव नुसतं 'बाई' म्हणे आणि म्हणून मीही, त्या अंगात येण्याच्या हाडवैरी होत्या. त्यांच्या मुलींच्या शाळेत एकदा प्रार्थनेच्या वेळी नववीतली एक मुलगी घुमायला लागली. शिक्षिका हात जोडून उभ्या. बाई शांतपणे पुढे झाल्या आणि म्हणाल्या, देवी असशील तर तेराचा पाढा म्हण. देवी तेरा चोकला अडखळली आणि निघून गेली. त्यानंतर बाई निवृत्त होईपर्यंत त्या शाळेकडे एकही देवी फिरकली नाही.

नारळ कुठून आले, ते मला शेजारच्या शालनकाकींनी सांगितलं. शालनकाकी जगदाळे म्हणजे बाईंच्या सख्ख्या शेजारीण, सख्ख्या मैत्रीण आणि या प्रकरणातल्या मुख्य भक्त. कॉलनीच्या टोकाला देवीचं देऊळ आहे. बाई तिथे संध्याकाळी जात, पण देवीसाठी नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, तिथपर्यंत रस्ता सपाट होता आणि आरतीत लोक चुकीचे उच्चार करत ते सुधारणारं कुणीतरी हवं होतं. तर एका मंगळवारी आरती रंगात आलेली असताना बाई एकदम किंचाळल्या, अंगाला असा झटका बसला की अंबाडा सुटला, आणि त्या धाडकन खाली बसल्या. मग एका शुक्रवारी तसंच. मग परत एका मंगळवारी. "देवीचेच वार हो, जावईबापू," शालनकाकी डोळे पुसत म्हणाल्या. "आणि आली ती कुणात, तर जिने तिला आयुष्यभर दारात उभं केलं नाही तिच्यात."

तिसऱ्या वेळेपासून बायका प्रश्न विचारायला लागल्या. बाई संतापून उत्तरं देत, आणि ती उत्तरं कौल म्हणून पाळली जात. एकीने मुलीच्या लग्नाचं विचारलं. बाई कडाडल्या की तिला आधी बी.एस्सी. पूर्ण करू दे. ठरलेली सुपारी पुढे ढकलली गेली. कॉलनीतल्या दोन नवऱ्यांची तंबाखू सुटली होती.

आता यातली एक गोष्ट शालनकाकींना माहीत होती आणि तरी पटत नव्हती. वर्षभरापूर्वी बाईंच्या हृदयाने दगा दिला होता आणि डॉक्टरांनी त्यांच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीहून थोडं मोठं यंत्र बसवलं होतं. पेसमेकरचा थोरला भाऊ म्हणा. हृदय ठोके सोडून नुसतं थरथरायला लागलं, की हे आतून विजेचा सणसणीत धक्का देऊन त्याला ताळ्यावर आणतं. बाईंनी हे सगळ्या बायकांना खडू-फळा घेऊन समजावलं होतं. बायकांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, बरोबर आहे बाई, देवी कशातून येईल सांगता येत नाही.

रांग संपली तेव्हा मी विचारलं की हॉस्पिटलात कळवलंत का. नाही म्हणाल्या. रोहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला? तिला कळलं तर ती उचलून पुण्याला नेईल, म्हणून तिलाही नाही. सोमवारी तपासणीची वेळ ठरलेलीच होती. मग चहाचं आधण ठेवत, माझ्याकडे पाठ करून त्या म्हणाल्या की सोमवारी त्या यंत्राचा धक्का कायमचा बंद करून घेणार आहेत. तसं करता येतं. त्यांनी चौकशी केली होती.

मी म्हणालो, बाई, तो बंद केला आणि खरंच वेळ आली तर?

"तर मरेन. माझं वय झालंय. मी मेले तरी चालेल, मुकुंदराव, पण देवी म्हणून जगणार नाही."

देवळात जाणं सोडा, असं मी सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, एकदा सोडलं होतं, तर देऊळ घरी आलं. ते मी पाहिलंच होतं.

माझ्या नोकरीबद्दल इथे सांगायला हवं. पुण्यात ज्या लॅबमध्ये मी होतो तिचं काम लोकांना सांगितलं तर खरं वाटत नसे. मिक्सर लावला की टीव्हीवर मुंग्या येतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मुंग्या का आल्या, दोष मिक्सरचा की टीव्हीचा, आणि दोघांनी एका घरात गुण्यागोविंदाने कसं राहावं, हे ठरवणं म्हणजे आमची लॅब. कुठल्याही यंत्राने दुसऱ्याच्या कामात लुडबूड करायची नाही, आणि दुसऱ्याने केली तर आपण बिथरायचं नाही. माणसांना जे जमत नाही ते आम्ही यंत्रांकडून करून घेत होतो आणि त्याचं सर्टिफिकेट देत होतो. म्हणून शालनकाकींच्या तोंडून 'आरती रंगात आल्यावर' आणि 'मंगळवार-शुक्रवार' हे शब्द ऐकले, तेव्हा माझ्या डोक्यात देवी आलीच नाही. मी बाईंना विचारलं, त्या वारी देवळात काय वेगळं असतं?

"नगारा," बाई म्हणाल्या. "विजेवरचा."

चहा तसाच ठेवून मी देवळात गेलो.

नगारा झकास होता. लोखंडी चौकट, तिच्यात नगारा, दोन झांजा, एक घंटा आणि सगळ्यांना बडवणारी एक मोटर. बटण दाबलं की दहा माणसांचा गजर. ही चौकट बोल्टांनी आवळली होती ती बायकांच्या बाजूच्या लांबलचक स्टीलच्या कठड्याला. प्लगला अर्थिंगची तिसरी पिन नव्हती; म्हणजे होती, पण नवसाचा धागा अडकवायला कुणीतरी ती वाकवून ठेवली होती. मी बटण दाबलं, खिशातला टेस्टर कठड्याला लावला. टेस्टर उजळला. कठड्याला हात लावून पाहिला. बोटांना झिणझिण्या आल्या.

"आल्या का?" मागून आवाज आला. देवस्थानचे अध्यक्ष आप्पा शिंगटे कौतुकाने बघत उभे होते. "मशीन बसवल्यापास्नं हाय ह्ये. लई जागृत कठडा हाय, पाव्हणं. लांबलांबची मान्सं हात लावाया येत्यात."

मी त्यांना सांगितलं की ही देवी नाही, गळकी वीज आहे. धुतलेल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कठडा धरला की ती हातातून शिरते आणि पायातून निघते. इतरांना गुदगुल्या होतात, पण बाईंच्या छातीत एक यंत्र कान लावून बसलं आहे. त्याला ही कुरकुर म्हणजे हृदयाचीच थरथर वाटते आणि ते जीव वाचवायला लाथ मारतं. बाई कठडा धरतात फक्त गुडघा दुखेल त्या दिवशी, म्हणून हा धक्का दर आरतीला बसत नाही. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हंजी देवी बंद करायची म्हंता."

मी म्हणालो, एक दिवस नगाऱ्याचा प्लग काढू. उद्या रविवारी मंगळवारसारखीच मोठी आरती ठेवा, पण हातांनी. बाई कठडा धरून उभ्या राहतील. काही झालं नाही तर अर्थिंग करून घ्या आणि बाईंना मोकळं करा. आप्पा विचारात पडले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "आन् मशिनीबिगर आली, तर?" माझ्या लक्षात आलं की या सौद्यात त्यांचं नुकसान काहीच नव्हतं.

बाईही तयार झाल्या, पण त्यांची अट होती. प्लग निघालेला असताना काही झालं नाही, तर यंत्र राहील. झालं, तर मी पुन्हा तोंड उघडायचं नाही आणि सोमवारी गाडी चालवत त्यांना हॉस्पिटलात न्यायचं, बंद करून घ्यायला. मी चटकन हो म्हणालो. कठडा मी स्वतः तपासला होता.

रविवारी मंडपात उभं राहायला जागा नव्हती. आप्पांनी माइकवरून जाहीर करून टाकलं होतं की देवी आज बिनमशिनीची येणार का ते बघायचं आहे. मी माइकही काढायला लावला. मग सगळ्यांसमोर नगाऱ्याचा प्लग उपसला आणि शंकेला जागा नको म्हणून तो हातातच धरून बाईंच्या शेजारी उभा राहिलो. बाईंनी दोन्ही हातांनी कठडा धरला. शालनकाकी पलीकडे, हातात ओटी तयार.

टाळ्या आणि हातातली घंटा एवढ्यावर आरती सुरू झाली. पहिली संपली. काही नाही. दुसरी संपली. माझा चेहरा हसरा होऊ लागला असावा, कारण बाईंनी मान किंचित वळवून माझ्याकडे पाहिलं, काठावर पास झालेल्या मुलाकडे बघावं तसं. भुवई थोडी वर. मी टेस्टर कठड्याला लावून त्यांना दाखवला. विझलेला.

त्यांची नजर तिथेच राहिली. टेस्टरवर नाही, माझ्यावर नाही, मधे कुठेतरी. चेहऱ्याचा रंग उतरला, राखेसारखा झाला. बोटं कठड्यावरून एकेक करून निसटली, आणि घडी घातल्यासारख्या त्या खाली आल्या. मी कसंबसं सावरलं. मान माझ्या खांद्यावर पडली. मी हाक मारली, ओ नाही. पुन्हा मारली. टाळ्या चालूच होत्या. आणि मग माझ्या हातातल्या हातात ते सगळं शरीर उसळलं, अंबाडा सुटला, घशातून तो आवाज आला.

टाळ्या थांबल्या. मग सगळा मंडप एकदम खाली वाकला.  एका हातात सासूबाई आणि एका हातात प्लग घेऊन मी फरशीवर बसलो होतो. सगळी गळती मी मोजली होती, सगळ्या वाटा बंद केल्या होत्या, आणि वीज आली होती. माझ्या आयुष्यात मी इतका रिकामा कधी झालो नव्हतो.

आप्पा पुढे आले. त्यांनी प्लगकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लहान मुलाच्या हातून सुरी काढून घ्यावी तशा हलक्या हाताने तो काढून घेतला.

"पाव्हणं, झालं समाधान?"

बाईंनी डोळे उघडले. क्षणभर त्यांना मी कोण ते कळलं नाही. मग विचारलं, प्लग कुठे आहे. माझ्याच हातात होता, मी म्हणालो.

"मग हरलात. सोमवारची वाट कशाला बघायची? गाडी काढा."

  गाडीत मागे शालनकाकी ओटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना उतरवण्याइतकं त्राण कुणातच नव्हतं.

हॉस्पिटलात डॉक्टर तस्नीम बागवान होत्या. गावातल्या निम्म्या बायकांसारख्या त्याही बाईंच्या विद्यार्थिनी, त्यामुळे केबिनमध्ये शिरल्यावर खुर्चीतून कोण उठलं हे सांगायला नको. बाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं की हा धक्का बंद करायचा आहे, सही कुठे करायची ते दाखव. तस्नीमने आधी तपासू तर द्या म्हणत माउससारखी एक वस्तू त्यांच्या खांद्याखाली टेकवली. आतलं यंत्र सगळं लक्षात ठेवतं, तिने मला सांगितलं. प्रत्येक धक्क्याच्या आधी हृदय काय करत होतं तेही. ती पडद्याकडे बघत राहिली.  मग पडदा बाईंकडे फिरवला.

"बाई, हे पहिले तीन धक्के खोटे. हे तुमचे ठोके, अगदी नीट चाललेत. त्यांच्यावर ही बारीक दातेरी नक्षी दिसते? ही बाहेरून आलेली आहे. यंत्र फसलं."

मी खुर्चीत सरळ झालो. कठडाच होता तो.

"आणि आजचा?" बाईंनी विचारलं.

"आजच्यात नक्षी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बाहेरून काहीच आलं नाही. हे सगळं तुमचंच आहे. इथपर्यंत ठोके आहेत. इथून पुढे नुसती थरथर, हृदय रक्त ढकलतच नव्हतं. मग इथे यंत्राने धक्का दिला. आणि हे, इथून, परत सुरू."

बाई चष्मा काढून पुसायला लागल्या, तो लावून पुढे झुकल्या आणि बोट पडद्यावर ठेवलं.

"या मधल्या भागात मी काय होते?"

 उत्तरपत्रिका कोरी सोडायची नाही, ही बाईंचीच शिकवण असावी, कारण तस्नीमने उत्तर दिलं.

"मधल्या भागात तुम्ही नव्हतात, बाई."

शालनकाकींच्या हातातली ओटी खाली सांडली. तांदूळ फरशीवर पसरत गेल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. माझ्या खांद्यावर जी मान पडली होती ती कुणाची होती, हे मला तेव्हा कळलं. मी ज्या माणसाला दोनदा हाक मारली, तिथे हाक ऐकायला कुणी नव्हतं. आणि ही तपासणी एक दिवस आधी असती, तर पुढेही नसतं. मीच गाडी चालवत त्यांना बंद करून आणलं असतं आणि मग हसत हसत टेस्टर दाखवला असता.

"मी हे बंद करायला आले होते," बाई म्हणाल्या.

"करू?" तस्नीमने विचारलं. मान वर न करता.

"आगाऊपणा करू नकोस."

एवढंच बोलल्या आणि पदर सावरला.  

त्यांना काही दिवस ठेवून घेतलं, औषधं बदलली. रोहिणी पुण्याहून आली आणि आईवर चिडून झाल्यावर माझ्यावर अधिक चिडली. आप्पांनी तक्रार न करता अर्थिंग करून घेतलं. कठड्याच्या झिणझिण्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर लांबलांबची माणसंही. देवीचं जागृतपण काढून घेणारा पाहुणा म्हणून मला त्या कॉलनीत बरेच दिवस ओळखत.

घरी आल्यावर बाईंनी पुन्हा खडू-फळा काढला. तीन धक्के नगाऱ्याचे, एक माझ्या मरणाचा, असं स्वच्छ लिहून दाखवलं. या वेळी बायका माना न डोलवता ऐकत होत्या. शालनकाकींनी तर बोलणं संपल्यावरही बराच वेळ फळ्याकडे पाहिलं. मग विचारलं की म्हणजे तुमच्यात देवी नाहीच. नाही, बाई म्हणाल्या. यंत्र आहे? काकींनी विचारलं. यंत्र आहे, बाई म्हणाल्या. काकी विचार करत घरी गेल्या. नारळ यायचे थांबले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही कराडलाच होतो. सकाळी दारात एकच चपलांचा जोड वाजला आणि शालनकाकी ताट घेऊन आत आल्या. हळद, कुंकू, झेंडूचं फूल, निरांजन. बाईंच्या कपाळावर आठी आली.

"आज खंडेनवमी," काकी म्हणाल्या. "आमची गाडी झाली, शिवणयंत्र झालं, विळी झाली, पाण्याची मोटर झाली. तुमचं तेवढं राहिलंय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, काही शास्त्रीय हरकत आहे का अशा नजरेने. त्या दिवशी पुण्यात आमच्या लॅबमधली यच्चयावत उपकरणं झेंडू लावून बसलेली असणार होती. 

"फक्त यंत्राची," बाई म्हणाल्या.

"यंत्राचीच, बाई. तुमची कोण करतंय?"

बाईंनी पदर खांद्यावरून थोडा बाजूला घेतला. कुंकू कमी लाव, डाग जात नाही, असं बजावलं. काकींनी खांद्याखालच्या त्या उंचवट्यावर करंगळीशेजारच्या बोटाने हळद लावली, कुंकू लावलं. फूल ठेवलं ते घसरलं, म्हणून तळहाताने धरून ठेवलं. आणि तशाच थांबल्या. चेहरा एकदम बदलला.

"बाई, हाताला ठोके लागतायत."

"लागायलाच हवेत," बाई म्हणाल्या, आणि तो हात तिथेच राहू दिला.